तीन पाण्यांचा चीजकेक : वसईतल्या एका नाताळाचा प्रकरण अभ्यास

मागणी

२०२४ चा नाताळ बुधवारी होता आणि दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. या दोन तारखा एकमेकींना लागून आल्या, त्यातून हे प्रकरण उभं राहिलं.

वसईत निर्मळजवळच्या एका गावात राहणाऱ्या काकू माझ्या बेकिंगच्या वर्गाला येत असत. वय साठीच्या आसपास, हात स्वच्छ, सांगितलेलं लगेच वहीत टिपून घ्यायची सवय. त्यांच्या मुलीचं लग्न त्या वर्षी डोंबिवलीच्या एका हिंदू घरात झालं होतं आणि सासरची मंडळी पहिल्यांदाच नाताळच्या जेवणाला यायची होती. विहीणबाई मार्गशीर्षाचा महिना पूर्ण पाळतात. मांसमच्छी नाही, अंडंही नाही. २६ तारखेला त्यांच्याकडे गुरुवारच्या व्रताचं उद्यापन, त्यामुळे संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. जेवणाची वेळ दुपारी दीड, पानं चौदा.

जेवणानंतर स्ट्रॉबेरीचा बेक केलेला चीजकेक ठेवायचा, हे काकूंनी आधीच ठरवलं होतं. मुलीला तो आवडतो आणि डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात आलेली असते. त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की अंड्याचा एक आणि बिनअंड्याचा एक असे दोन करावेत. काकूंनी ते मोडून काढलं. "एका टेबलावर दोन केक म्हणजे दोन पंगती झाल्या. एकच करायचा, सगळ्यांना चालेल असा."

पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावर उभे आहेत. अंडं नको, हे तर झालंच. पण चीजकेकमध्ये मांसाहार आणखी दोन वाटांनी शिरतो. फळावरची चकाकी अनेकदा जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. म्हणून क्रीम चीज, बिस्किटं, कंडेन्स्ड मिल्क, सगळ्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच खरेदी झाली. पाहुण्यांनी विचारलं नसतं तरी काकूंना तो बघायचा होता. मला त्यांची ही गोष्ट फार आवडली.

डब्यातला तुकडा

डिसेंबरच्या सुरुवातीला काकूंनी घरी एकदा करून पाहिला आणि उरलेला तुकडा डब्यात घालून वर्गात आणला. "मॅडम, ओव्हनच बरोबर नाही वाटतं. सगळं पाणी-पाणी झालं."

तुकडा खरोखरच ओला होता. पण किती पाणी सुटलंय यापेक्षा ते कुठे सुटलंय आणि कोणत्या रंगाचं आहे, हे आधी बघावं असं मी नेहमी सांगते. त्या एका तुकड्यात तीन वेगवेगळी पाणी होती. वरच्या थराला गुलाबी पाझर. कडेच्या बाजूने, पांढऱ्या भागातून सुटलेलं किंचित हिरवट-पिवळं पाणी. आणि खाली बिस्किटांचा थर बाहेरच्या कडेने भिजून लगदा झालेला, पण तिथलं पाणी बिनरंगाचं. तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. या तिन्हींना एकच दोष समजलं की माणूस ओव्हनचं तापमान खाली-वर करत बसतो आणि हाती काही लागत नाही.

गुलाबी पाणी फळाचं. स्ट्रॉबेरीत दहातले नऊ भाग पाणी असतं. ती चिरली की पेशी फुटतात आणि चिरलेल्या बाजूला साखर लागली की ती आतलं पाणी बाहेर ओढून घेते. काकूंनी काप करून, वरून पिठीसाखर भुरभुरून, आदल्या रात्रीच केकवर मांडले होते. समजावून सांगण्याऐवजी वर्गातच करून दाखवलं. दोन ताटल्यांत सारख्या वजनाच्या स्ट्रॉबेऱ्या ठेवल्या. एकीत अख्ख्या, दुसरीत काप करून साखर लावलेल्या. अर्ध्या तासात दुसऱ्या ताटलीत लाल पाण्याचं तळं झालं आणि काप मऊ पडले. पहिली ताटली कोरडी राहिली. काकूंनी दुसरी ताटली तिरकी करून ते पाणी वाटीत ओतून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "हे सगळं माझ्या केकवर गेलं होतं तर."

हिरवट पाणी चक्क्याचं. दह्याच्या निवळीला तो रंग रायबोफ्लेविनमुळे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वामुळे येतो. चक्का पुरेसा निथळलेला नसला किंवा केक जास्त तापला तर दुधातली प्रथिनं आवळली जातात आणि निवळी बाहेर पडते. काकूंनी डेअरीतून आणलेला चक्का तसाच वापरला होता. विकतचा चक्का श्रीखंडाला चालतो, कारण त्यात पुढे साखर घालून तो सैलच करायचा असतो. चीजकेकला तो आणखी निथळवून घ्यावा लागतो.

तिसरं, बिनरंगी पाणी ट्रेमधलं. अंड्याच्या कृतीत सांगतात तसा काकूंनी टिन पाण्याच्या ट्रेमध्ये बसवला होता आणि बाहेरून फॉइल गुंडाळली होती. आपल्याकडे रोटी बांधायला मिळते ती फॉइल पातळ असते. दुमडताना तिला बारीक चीर पडते आणि स्प्रिंगफॉर्म, म्हणजे तळ निघणाऱ्या टिनच्या सांध्यातून गरम पाणी आत शिरतं. बिस्किटांचा थर बाहेरच्या कडेने भिजला होता आणि मधे ठीक होता, त्यावरूनच हे कळत होतं.

ओव्हनचा दोष होता, पण थोडाच. त्याचं पुढे सांगते.

चक्का नकली आहे का

मधे काकूंनी एक शंका काढली. क्रीम चीज महाग, म्हणून आपण चक्का मिसळतो. मग हा खरा चीजकेक म्हणायचा का? पाहुण्यांना काहीतरी जोड-तोड करून खायला घालतोय, असं त्यांना वाटायला नको होतं.

क्रीम चीजचा आजचा प्रकार अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १८७२ च्या सुमारास तयार झाला. 'फिलाडेल्फिया' हे नाव १८८० मध्ये लागलं. चीज घालून केक किंवा पाय करण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची. जर्मनीतला चीजकेक आजही क्वार्क घालून करतात. पोलंडमध्ये सेर्निक नावाचा चीजकेक नाताळला आणि ईस्टरला घरोघर होतो, तो त्वारोग नावाच्या ताज्या चीजचा. ही दोन्ही चीजं दूध आंबवून, निवळी गाळून काढलेली असतात. चक्क्याचं त्यांच्याशी नातं सख्खं आहे. क्रीम चीजच त्या घरातलं नंतर आलेलं. म्हणून चक्का वापरणं ही काटकसर आहे असं मी मानत नाही. म्हशीच्या दुधाच्या चांगल्या चक्क्याला स्वतःची चव असते आणि अंड्याशिवाय नीट बसायला तो मदतही करतो. बंगालमधलं भापा दोई याच गुणावर उभं आहे : चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क, वाफेवर किंवा मंद आचेवर धरलं की अंडं नसतानाही सुरीने कापता येईल इतकं घट्ट होतं.

नुसत्या चक्क्याचा केक मात्र मी करू देत नाही. तो आंबट लागतो आणि पोत किंचित रवाळ येतो. क्रीम चीजमध्ये स्निग्धांश तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. जिभेवर विरघळणारा गुळगुळीतपणा तिथून येतो. निम्मं निम्मं घेतलं की दोन्हींचं चांगलं ते मिळतं.

उलटी मोजणी

बहुतेक जण चीजकेक खालून वर बांधतात. आधी बिस्किटं, मग चीज, शेवटी वेळ उरला तर फळ. फळाचा चीजकेक वरून खाली आखावा, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात ओली गोष्ट फळ. ते कधी चढवायचं हे ठरलं की बाकीच्या वेळा आपोआप ठरतात. काकूंच्या वहीत आम्ही २५ तारखेच्या दुपारी दीडपासून मागे मोजत गेलो.

फळ चढवायचं बारा वाजता. त्याच्या आधी केक फ्रिजमध्ये किमान रात्रभर, शक्य तर त्याहून जास्त. २४ ला रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची प्रार्थना. त्या दिवशी घरात फुगे (पिठाचे फुगीर गोळे) तळायचे, सुंगटं म्हणजे कोळंबी सोलायची, येशूजन्माचा गोठा सजवायचा. म्हणजे बेकिंग २३ च्या संध्याकाळीच व्हायला हवं. म्हणजे दही २२ च्या रात्री टांगायचं. स्ट्रॉबेरी मात्र २४ च्या सकाळी घ्यायची, त्याआधी नाही. आंबा, केळं घरात आणून पिकवता येतं. स्ट्रॉबेरी तोडली की पिकायची थांबते. लाल होईल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. म्हणून देठापाशी पांढरी राहिलेली 'दोन दिवसांत होईल' म्हणून घेऊ नये.

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या पट्ट्यात देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी पिकते आणि महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पावसाळा सरता सरता लावणी होते, नोव्हेंबरच्या अखेरीस फळ सुरू होतं आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतं. नाताळात मिळणारं फळ हंगामाच्या सुरुवातीचं. ते दिसायला मोठं आणि घट्ट असतं, पण आंबटपणा बराच असतो. केकवर मांडायला घट्ट फळ उत्तम. आंबटपणाचा हिशेब खालच्या थरात धरायचा. पनेट, म्हणजे स्ट्रॉबेरीची छोटी डबी, उलटी करून बघा, असं मी काकूंना बजावलं. वरच्या ओळीतली फळं नेहमीच देखणी असतात, खालच्या कागदावर लाल डाग असेल तर ती पनेट ठेवून द्यायची.

फ्रिजचा प्रश्न काकूंनी स्वतःच काढला, माझ्या मनातही आला नव्हता. २३ आणि २४ ला त्यांच्या फ्रिजमध्ये व्हिनेगर-मसाल्यात मुरत ठेवलेलं डुकराचं मांस असणार. चीजकेक आजूबाजूचे वास फार पटकन ओढून घेतो, हे एक. पण त्यापेक्षा त्यांना लागलेली गोष्ट दुसरी होती. "त्यांना कळलं नाही तरी मला ठाऊक असेल ना." शेजारच्या घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा मोकळा करून घेतला आणि केक दोन रात्री तिथे राहिला.

प्रत्यक्ष कृती

टिन ८ इंचाचा, ३ इंच उंच, तळ निघणारा. मापं अशी ठरली :

बेससाठी डायजेस्टिव्ह बिस्किटं २०० ग्रॅम आणि वितळलेलं लोणी ९० ग्रॅम. मिश्रणासाठी क्रीम चीज ४०० ग्रॅम, निथळलेला चक्का ४०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा एक डबा, फ्रेश क्रीम १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३० ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. वरच्या फळासाठी ६०० ग्रॅम स्ट्रॉबेरी. त्यातली साधारण दोनशे-अडीचशे ग्रॅम शिजवायला, बाकीची अख्खी.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही चक्क्यावर घालवला. या वेळी तो विकत न घेता घरी केला. म्हशीच्या दुधाचं साधारण किलोभर दही लागलं. दही नुकतं लागलेलंच हवं. डिसेंबरातल्या गार हवेत ते सावकाश लागतं आणि आंबटही कमी असतं. मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगलं, सकाळी पुरचुंडी चाळणीत ठेवून वर वरवंटा ठेवला आणि चाळण फ्रिजमध्ये सरकवली. दुपारपर्यंत खालच्या भांड्यात आणखी अर्धी वाटी हिरवट पाणी जमलं. पहिल्या तुकड्यात कडेने सुटलं होतं ते हेच. आता ते केकबाहेर होतं. फडकं सोडल्यावर चक्क्यावर विणीचे ठसे स्पष्ट उमटले होते आणि बोट लावलं तर बोटाला ओल लागत नव्हती. चक्का झाल्याची खूण हीच. तास मोजून उपयोग नाही, कारण दह्यादह्यात फरक असतो.

मग पुरणयंत्र. काकूंनी मिक्सर पुढे केला होता, तो मी बाजूला ठेवला. मिक्सरमध्ये चक्का पातळ होतो आणि मिश्रणात हवा भरते. ती हवा ओव्हनमध्ये फुगते, मग बसते आणि वर भेगा पडतात. श्रीखंडासाठी करतो तसा चक्का पुरणयंत्रातून काढला की एकही गुठळी राहत नाही आणि हवाही आत शिरत नाही. क्रीम चीज दोन तास बाहेर ठेवून मऊ केलेलं होतं. ते आधी एकटंच लाकडी चमच्याने घोटलं, मग त्यात चक्का, मग कंडेन्स्ड मिल्क थोडं थोडं. कॉर्नफ्लोअर फ्रेश क्रीममध्ये कालवून घातलं, म्हणजे गोळ्या होत नाहीत. शेवटी लिंबाची साल. साखर वेगळी घातली नाही, डब्यातली पुरते.

बिस्किटांचा बेस वाटीच्या तळाने दाबून बसवला आणि १७० अंशांवर दहा मिनिटं भाजून घेतला. हे बरेच जण टाळतात. भाजल्याने थर कुरकुरीत होतो आणि मिश्रण ओतल्यावर लगेच ओल धरत नाही. गार झाल्यावरच पुढचं ओतायचं.

आता ओव्हन. काकूंचा ओटीजी मध्यम आकाराचा. आत टांगायचं थर्मामीटर घालून पाहिलं तर बटण १५० वर असताना आत १७५ दाखवत होतं. घरगुती ओटीजीत इतका फरक अगदी सर्रास दिसतो आणि चक्क्याच्या केकला तो बाधतो. निवळी सुटायला एवढी जादा उष्णता पुरते. बटण खाली आणून आतलं तापमान १५० वर स्थिरावू दिलं. टिन पाण्यात ठेवलाच नाही. खालच्या कप्प्यात उकळत्या पाण्याचा पसरट ट्रे, वरच्या जाळीवर टिन. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे ट्रे खालच्या रॉडची झळ अडवतो आणि आतली हवा दमट ठेवतो. टिनच्या सांध्यातून आत शिरायला मात्र पाणीच नाही. फॉइलचा प्रश्नच मिटला.

अर्धा तास होतो न होतो तोच वीज गेली. काकू घाबरल्या. दार उघडायचं नाही, एवढंच मी सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी वीज आली तोवर आतलं तापमान फार उतरलं नव्हतं. अंड्याच्या केकपेक्षा कॉर्नफ्लोअरचा केक अशा वेळी जास्त सोसतो. अंड्याचा चीजकेक मध्यभागी ६५-६६ अंशांना झालेला असतो आणि त्याच्या थोडं पुढे गेलं तरी रवाळ होतो, भेगाळतो. कॉर्नफ्लोअरला फुलायला त्याहून जास्त उष्णता लागते, मध्यभागी ८० च्या आसपास. त्यामुळे अंड्याच्या कृतीतला वेळ बिनअंड्याला लावला की मधला भाग कच्चा, पिठूळ राहतो. बिनअंड्याचा चीजकेक बसत नाही अशी तक्रार येते, तिथे पुष्कळदा हेच झालेलं असतं.

वीज गेलेला वेळ धरून केकला साधारण दीड तास लागला. कड दोन बोटं घट्ट, मधला भाग टिन हलवला की जेलीसारखा डुलणारा. त्या अवस्थेत ओव्हन बंद करून दाराला लाकडी चमचा अडकवला आणि तासभर तसाच ठेवला. नंतर बाहेर काढून पातळ सुरी कडेने फिरवली. गार होताना केक आकसतो आणि कड टिनला चिकटलेली असेल तर मधे तडकतो. सुरी फिरवून ठेवली तर आकसायला मोकळा राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकायचा नाही, नाहीतर झाकणावरचे वाफेचे थेंब वर पडतात आणि हे चौथं पाणी होतं.

फळ चढवणं

२४ च्या सकाळी आणलेल्या स्ट्रॉबेऱ्या न धुता, कागद घातलेल्या ताटात एका थरात पसरून शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. धुतल्या २५ ला, मांडायच्या आधी, आणि त्याही हिरव्या देठासकट. देठ आधी काढला तर त्या जागेतून पाणी आत शिरतं. धुवून सुती पंचावर पसरल्या, एकेक पुसली, मग देठ काढले.

शिजवायच्या फळाचं काम २४ लाच उरकलं होतं. बारीक तुकडे, चार चमचे साखर, लिंबाचा रस. फळ मऊ होऊन रस सुटेपर्यंत शिजवून गाळणीतून गाळलं. पाणी काही करून सुटणारच असेल तर ते आधीच सोडवून घ्यावं आणि मग बांधावं, असा यामागचा विचार. बांधायला अगर-अगर, म्हणजे दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते. समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे मार्गशीर्षात चालतं. त्याची पूड आधी अर्धी वाटी साध्या पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळली आणि ते पाणी कोमट गाळलेल्या रसात ओतलं. पूड थेट आंबट रसात घालून उकळत बसलं तर अगर-अगरची पकड कमी होते. वरचा थर जमलाच नाही असं सांगणाऱ्यांचं बहुधा इथेच बिनसतं. प्रमाण हलकं ठेवायचं, एवढ्या रसाला पाव चमचा सपाट पूड. जास्त झालं की थर रबरासारखा सोलून निघतो.

२५ ला बारा वाजता केक बाहेर आला. वर एकही भेग नव्हती. अगर-अगर ३५-४० अंशांच्या खाली आलं की घट्ट होतं आणि पुन्हा वितळवायला जवळजवळ उकळावं लागतं. तेव्हा रस परत गरम केला, कोमट झाल्यावर त्याचा पातळ थर केकवर पसरवला. गार केकवर तो मिनिटा-दोन मिनिटांत बसला. या थराची दोन कामं : फळ आणि चीज यांच्यामधला पडदा, आणि फळ घसरू न देणारी पकड. त्यावर अख्ख्या स्ट्रॉबेऱ्या, देठाची बाजू खाली, कडेपासून मधे गोलगोल. उरलेला रस ब्रशने वरून फिरवला. वर पिठीसाखर काहीही नाही.

काकूंच्या सुनेला मधोमध किवीच्या चकत्या हव्या होत्या, हिरव्या-लाल रंगासाठी. तो बेत मी नाकारला. किवी, अननस, पपई, अंजीर या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. कच्चं फळ दुधाच्या पदार्थावर काही वेळ राहिलं की खालचा भाग सैल होतो आणि कडू लागतो. अगर-अगर प्रथिन नसल्यामुळे त्याला धक्का लागला नसता, पण चक्क्याला लागला असता. अननस शिजवून घेतला तर चालतो, विकरं उष्णतेने निकामी होतात. हिरव्या रंगासाठी पुदिन्याची चार पानं लावली.

टेबलावर

मी त्या जेवणाला होते, म्हणून पाहिलेलं सांगते. कापायला लांब सुरी, शेजारी गरम पाण्याचा उंच पेला. प्रत्येक तुकड्यानंतर सुरी बुडवून पुसायची. चौदा तुकडे निघाले, बाजू सरळ, तिन्ही थर वेगवेगळे दिसत होते. बेस पहिल्या दिवशीइतका कुरकुरीत नव्हता, तो दोन रात्रींनंतर राहत नाहीच. पण भिजलेला नव्हता आणि चमच्याने दाबला की तुटत होता. ताटलीत गुलाबी पाणी नव्हतं. काकू प्रत्येकाची ताटली बघत होत्या, खात मात्र नव्हत्या.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "यात चक्का आहे का हो?" काकूंनी दह्यापासून सुरुवात केली, टांगणं, वरवंटा, पुरणयंत्र, सगळं सांगितलं, शेजारच्या घरातला फ्रिजही सांगितला. विहीणबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं कशाला केलंत, आम्ही फळं खाऊन उठलो असतो," आणि दुसरा तुकडा मागून घेतला. सुनेच्या माहेरी आपल्याला अडचण नको म्हणून एवढा खटाटोप कोणी केला, हे त्यांना पोचलं होतं, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. दोघी मग दही कोणत्या दुधाचं, किती वेळ टांगलं यावर बोलत बसल्या आणि पुरुषमंडळींचा चहा थांबला.

चवीबद्दल माझं मत : मिश्रणाचा आंबटपणा मला योग्य वाटला, फळाचा थोडा जास्त. जानेवारीच्या मध्यावरची स्ट्रॉबेरी असती तर आणखी छान झाला असता. तेवढ्यासाठी रसात साखर वाढवावी, फळावर नाही. मधला भाग कडेपेक्षा जरा मऊ होता. पाच-सात मिनिटं आणखी चाललं असतं.

पाहुणे पाचच्या आत निघाले. एक तुकडा काकूंनी माझ्यासाठी बाजूला काढला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. वरच्या थरातून थोडा लाल ओलावा सुटायला लागला होता. अगर-अगर एका दिवसानंतर स्वतःतलं पाणी थोडं थोडं सोडतंच, त्यामुळे असा केक फळ चढवल्यापासून सहा-आठ तासांत संपवावा. दोन दिवस पुरवायचा असेल तर केक बिनफळाचा ठेवावा आणि फळ लागेल तसं तुकड्यावर वाढावं. निवळी मात्र कुठेही सुटलेली नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये, २०२५ च्या ईस्टरला काकूंना हापूसचा करायचा होता. आंब्याचा गर घट्ट असतो आणि स्ट्रॉबेरीसारखा पाझरत नाही, तेव्हा अगर-अगर निम्म्यावर आणायचं, कंडेन्स्ड मिल्क पाव डब्याने कमी करायचं आणि लिंबाची साल वगळायची, असं वहीच्या पुढच्या पानावर तेव्हाच लिहून झालं होतं.